जीपीएस फक्त ऐकतो, बॉस!

रविवारची सकाळ. डायनिंग टेबलवर पोह्यांच्या डिशेस, पेपरच्या पुरवण्या आणि या सगळ्याच्या मधोमध आमच्या धाकट्या बंधुराजांचा लॅपटॉप. स्क्रीनवर चौदा टॅब्ज उघडलेले आणि प्रत्येक टॅबमध्ये एकेक जीपीएस.

‘‘ताई, तू एवढं गॅजेट्सवर लिहितेस. यातला कुठला घेऊ सांग ना. एक मिनिट लागेल फक्त.’’

मंडळी, त्या एका मिनिटाचे तीन आठवडे झाले. आणि तीन आठवड्यांनी जे हाती लागलं, ते त्या चौदापैकी एकाही टॅबमध्ये नव्हतं.

आधी बंधुराजांची ओळख. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोडिंग, शनिवार-रविवार कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग. ऑफिसातली बाकीची पब्लिक वीकेंडला मॉलमध्ये सापडते, हा हवेत सापडतो. कामशेतला शिकला, तिथेच पंख फुटले आणि आता दर ऑक्टोबरात त्याला हिमाचलमधलं बीर-बिलिंग दिसायला लागतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : कांगडा जिल्ह्यातलं बीर म्हणजे पॅराग्लायडिंगवाल्यांची पंढरी. बिलिंगचा टेक-ऑफ साधारण २,४०० मीटर उंचीवर, लँडिंग त्याच्या हजारेक मीटर खाली बीरला आणि पाठीशी धौलाधारची भिंत. हवा चांगली असेल तर माणूस डोंगराच्या कडेकडेने चाळीसेक किलोमीटरवरच्या धरमशालेपर्यंत जाऊन परत येऊ शकतो. इंजिन नाही, पेट्रोल नाही. नुसत्या वर चढणाऱ्या गरम हवेवर!

ऐकायला भन्नाट वाटतं ना? आमच्या आईला अजिबात वाटत नाही. त्याला कारण आहे.

त्या दिवशीचे सात तास

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. अकरा वाजता बिलिंगहून उडाल्याचा मेसेज आला. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन सुरू होतं. आई कोथरूडच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता तो निळा ठिपका बघत होती. पावणेदोनच्या सुमारास ठिपका एका डोंगरधारेवर थांबला. तिथून हललाच नाही.

तीन वाजले, चार वाजले. फोन बंद. साडेपाचला त्याच्या ग्रुपमधल्या मुलाने बीरहून फोन केला, ‘‘काकू, घाबरू नका, बाकी सगळे उतरलेत, आम्ही शोधतोय.’’ आता ‘घाबरू नका’ हे शब्द ऐकून आजवर कुठली आई घाबरायची थांबलीय?

रात्री पावणेनऊला अनोळखी नंबरवरून फोन आला. स्वारी सुखरूप. झालं असं होतं, की समोरून वारा वाढला, पुढची धार ओलांडता येईना, म्हणून शहाण्यासारखा तो एका आडदरीतल्या कुरणात उतरला. खरचटलंसुद्धा नाही. पण नकाशा, व्हेरिओ, लाइव्ह लोकेशन, फोटो ही सगळी कामं एकट्या फोनवर! तीन तास पूर्ण ब्राइटनेसवर चालून फोन उतरायच्या आधीच मान टाकून बसला होता. शेळ्यामेंढ्या घेऊन खाली उतरणाऱ्या एका गद्दी मेंढपाळाने त्याला वाट दाखवली. नाहीतर ती रात्र दरीतच.

तेव्हापासून आमच्या घरात एक ठराव पास झालाय : जीपीएस घेतल्याशिवाय बीर नाही.

ठराव ठीकच होता. फक्त अर्धवट होता, हे आम्हाला नंतर कळलं.

आधी फंडा क्लिअर करू

जीपीएस म्हणजे नेमकं काय? पृथ्वीभोवती सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकेचे उपग्रह. प्रत्येक जण सतत एकच गोष्ट सांगत असतो : आत्ता किती वाजलेत आणि मी कुठे आहे. आपल्या हातातला रिसीव्हर हे ऐकतो, किमान चार उपग्रहांचे सिग्नल जुळवतो आणि आपली जागा आणि उंची काढतो.

हे तंत्र मुळात लष्कराचं. सामान्य माणसापर्यंत ते पोचण्यामागे एक चुकलेलं विमानच आहे. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअरलाइन्सचं ००७ हे विमान ठरलेली वाट सोडून सोव्हिएत हद्दीत भरकटलं आणि सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जीपीएस सगळ्या जगाच्या नागरी वापरासाठी खुलं करण्याची घोषणा केली. तरीही नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळली जायची. मे २००० मध्ये तीही बंद झाली आणि शंभरेक मीटरची चूक एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली. आज आपण पिझ्झावाल्याला बिल्डिंगच्या गेटपर्यंत आणतो, ते त्या रात्रीमुळे.

आता दोन गैरसमज. एक, ‘नेटवर्क गेलं की फोनचा जीपीएस जातो.’ चूक! जीपीएसला मोबाइलची रेंज लागतच नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवून घ्यायला. तो घरीच डाउनलोड केला, की फोन निर्मनुष्य दरीतही तुमची जागा दाखवतो.

दुसरा गैरसमज जास्त महागाचा : ‘जीपीएस आहे म्हणजे मी कुठे आहे ते सगळ्यांना कळेल.’ नाही कळणार. जीपीएस फक्त ऐकतो. तो बोलत नाही. तुम्ही कुठे आहात हे तो तुम्हाला सांगतो, तुमच्या आईला नाही.

ही गोष्ट मला तीन आठवड्यांच्या शेवटी लख्ख कळली. तोवर आम्ही शॉपिंगच्या मूडमध्ये होतो.

दुकानात बघायचं काय?

कारमधल्या जीपीएसचा हिशोब हवेत चालत नाही. ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ सांगायला हवेत रस्तेच नाहीत. मग बघायचं काय?

स्क्रीन. शोरूमच्या एसीमध्ये सगळेच स्क्रीन सुंदर दिसतात. तीन हजार मीटरवरच्या उन्हात, गॉगल लावून बघितलं की खरी परीक्षा. हँडहेल्ड जीपीएसचा स्क्रीन फोनपुढे अगदी गरीब दिसतो, पण ऊन जितकं कडक तितका तो स्पष्ट वाचता येतो. दुकानदाराला सांगून तो बाहेर रस्त्यावर नेऊन बघा. लाजू नका. साडी नाही का आपण दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघत?

बटणं. हातात जाड ग्लोव्हज, दोन्ही हातांत ब्रेकच्या दोऱ्या. टचस्क्रीनवर नाजूक बोट फिरवायची ती जागा नव्हे. मोठी, दाबल्यावर हाताला कळणारी बटणं असतील तर उत्तम. आणि हो, जीपीएसला दोरी बांधायची जागा हवीच. हवेत हातातून सुटलेली वस्तू परत मिळत नाही आणि खाली कुणाच्या तरी डोक्यात पडू शकते.

बॅटरी. इथे दोन घराणी आहेत. एक, आतल्या चार्जेबल बॅटरीवर दिवसच्या दिवस चालणारं. दुसरं, साध्या पेन्सिल सेलवर चालणारं. गार्मिनचे ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स दोन पेन्सिल सेलवर २५ तासांपर्यंत चालतात असं कंपनी सांगते. आडगावात चार्जिंग पॉइंट सापडेलच असं नाही, पेन्सिल सेल मात्र किराणाच्या दुकानातही मिळतात. फक्त थंडीत साधे अल्कलाइन सेल लवकर बसतात, त्यामुळे दोन लिथियम सेल जवळ ठेवावेत. विमानाने जाताना सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

उंची. उडणाऱ्यासाठी सगळ्यात कळीचा मुद्दा. जीपीएसची आडवी जागा जितकी अचूक, तितकी उंची नसते. उपग्रह सगळे डोक्यावर, पायाखाली एकही नाही, त्यामुळे वर-खालीचा हिशोब कच्चा राहतो. म्हणून हवेचा दाब मोजून उंची सांगणारा सेन्सर आत आहे का ते विचारा. ईट्रेक्स ३२एक्समध्ये तो आहे, २२एक्समध्ये नाही. दिसायला दोघं जुळे भाऊ! पण हा सेन्सरही हवामान बदललं की फसतो. त्यामुळे टेक-ऑफवर उभं राहून तिथली माहीत असलेली उंची सेट करायची, मगच उडायचं. मिनिटामिनिटाचं चढणं-उतरणं सांगायला मात्र व्हेरिओ वेगळा लागतो. थर्मल मिळालं की बीप बीप करणारी ती डबी.

वेग. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? विशेष आहे. पॅराग्लायडर हवेतून ताशी साधारण ३८ किलोमीटरने जातो. जीपीएस दाखवतो तो जमिनीवरचा वेग. समोरून २५ चा वारा असेल तर आकडा १३ वर येतो. शांत हवेत हजार मीटर उंची हाताशी असली, तर चांगला ग्लायडर नऊ किलोमीटरपर्यंत तरंगत जाईल. त्याच उंचीत या वाऱ्यापुढे तो जेमतेम तीन किलोमीटर जाईल. समोरची दरी चार किलोमीटर रुंद असेल तर? आमच्या बंधुराजांचं त्या दिवशी नेमकं हेच झालं. म्हणून स्क्रीनवर कुठला आकडा सगळ्यात मोठा ठेवायचा, हे ज्याला ठरवता येतं, तो जीपीएस चांगला.

सिग्नल. हवेत असताना आकाश मोकळं, साधा जीपीएससुद्धा मजेत चालतो. खरी गंमत उतरल्यावर सुरू होते. अरुंद दरीत आकाशाची फट दिसते आणि सिग्नल कड्यांवर आपटून वाकड्या वाटेने येतो. जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास आणि युरोपचे गॅलिलिओ हे उपग्रहही ऐकणारा, आणि जमलं तर दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकणारा रिसीव्हर इथे उपयोगी पडतो. शिवाय अमृतसर-जम्मूच्या सीमाभागात विमानांना जीपीएसमध्ये गडबड जाणवल्याच्या नोंदी अलीकडच्या वर्षांत झाल्या आहेत. तेव्हा स्क्रीनवर आंधळा विश्वास नको. डोळे बाहेर, डोंगराकडे.

नकाशा आणि माग. उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा घरूनच भरून घ्या. आणि आलेल्या वाटेचा माग नोंदवणारी सोय सुरू ठेवा. ढग आत शिरले, तर ज्या वाटेने आलो तिनेच परत निघता येतं.

आणि फोन? फोन वाईट नाही. अँड्रॉइडवरचं एक्ससीट्रॅक हे फुकटातलं अ‍ॅप जगभरचे पायलट वापरतात. पण संकटात बोलायचं साधन तेच असेल, तर त्याची बॅटरी नकाशा बघण्यात उधळायची का, हा साधा हिशोब आहे. जागा बघायला एक यंत्र, बोलायला दुसरं. झालं!

न्यू जर्सीचा दादा आणि छोटासा ‘आय’

एवढं सगळं ठरलं आणि न्यू जर्सीहून आमच्या आतेभावाचा व्हिडिओ कॉल आला. दादा दिवाळीला येणार होता.

‘‘अरे, कशाला इथे तिथे शोधताय? मी आणतो ना! गार्मिनचा जीपीएसमॅप ६७आय. इथले हायकर्स सगळे तोच वापरतात. सॅटेलाइटवरून मेसेज जातो. एसओएसचं बटण दाबलं की झालं. मामी, तुम्हाला इकडे घरबसल्या कळेल हा कुठे आहे ते.’’

आईचा चेहरा बघायला हवा होता. वर्षभराचं टेन्शन एका वाक्यात गेलं. ‘‘पैशांचं बघू नकोस, आण तू,’’ ती म्हणाली. बोलणारा जीपीएस! आम्हाला हवं होतं ते नेमकं हेच तर होतं.

मी ऑर्डर द्यायच्या आधी सवयीने वाचत बसले. आणि त्या नावाच्या शेवटच्या छोट्याशा ‘आय’वर अडकले. हा ‘आय’ म्हणजे इनरीच. म्हणजे ते यंत्र नुसतं ऐकत नाही, इरिडियम या उपग्रहांच्या जाळ्यावरून बोलतंही. आणि भारतात इरिडियम आणि थुराया या जाळ्यांवरची साधनं सरकारी परवानगीशिवाय आणायला, बाळगायला, वापरायला बंदी आहे. बंद करून बॅगेत ठेवलंय, फक्त ट्रेकसाठी आहे, ही सबब चालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूला अशाच यंत्रापायी पोलिसांना तोंड द्यावं लागलं. तिला तर हा नियमच माहीत नव्हता.

म्हणजे दादाने प्रेमाने आणलेल्या दिवाळी भेटीने त्याची दिवाळी पोलीस चौकीत! ‘आय’ नसलेला ६७ आणि ‘आय’वाला ६७आय दिसायला जवळपास सारखे. एका अक्षराचा फरक, पण केवढा!

आईला हे सांगणं हे तीन आठवड्यांतलं सगळ्यात अवघड काम होतं.

‘‘असं कसं? मुलाचा जीव वाचवणाऱ्या वस्तूला बंदी?’’

मी समजावलं. २६/११ चे हल्लेखोर समुद्रातून येताना सॅटेलाइट फोन वापरत होते. सरकारला ऐकू न येणारं बोलणं सरकारला नको असतं.

‘‘ते कळलं गं. पण दरीत पडलेला मुलगा काय बोलणार आहे असं गुप्त?’’

खरं सांगू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियमाचं कारण मला पटतं आणि आईचा प्रश्नही पटतो. धौलाधारच्या उतारांवर एकटे उडणारे पायलट बेपत्ता झाल्याच्या आणि दिवसेंदिवस शोध चालल्याच्या बातम्या आपण वाचतो. अशा खेळांसाठी, नोंदणी करून, ठरावीक काळापुरती अशी यंत्रं वापरायची सोपी वाट असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. पण ती होईपर्यंत कायदा मोडून हे यंत्र आणा, असं मी कुणालाही सांगणार नाही. मग उरतं काय?

फॉसेटची गोष्ट

रात्री वाचत बसले असताना स्टीव्ह फॉसेट भेटला. फुग्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस (२००२). पुढे २००५ मध्ये मध्ये कुठेही न उतरता, इंधन न भरता, विमानातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाराही तोच. म्हणजे अनुभवात त्याच्यापुढे कोण?

३ सप्टेंबर २००७ च्या सकाळी नेवाडामधल्या एका रँचवरून तो छोट्या एक-इंजिनी विमानातून चक्कर मारायला निघाला. कुठे जाणार, कुठल्या वाटेने जाणार, याची कुठेही नोंद केलेली नव्हती. तो परतला नाही. मग प्रचंड शोध सुरू झाला. विमानं, हेलिकॉप्टरं, घरबसल्या उपग्रहाची छायाचित्रं तपासणारे हजारो लोक. या शोधात पूर्वी कधीच न सापडलेल्या दुसऱ्याच विमानांचे अवशेष सापडले! फॉसेट मात्र नाही. वर्षभराने, २००८ च्या सप्टेंबरअखेरीस, कॅलिफोर्नियात मॅमथ लेक्सजवळच्या डोंगरात एका भटक्याला त्याची ओळखपत्रं मिळाली आणि मग विमानाचे अवशेष.

त्या अपघातात जीव वाचला असता, असं मला म्हणायचं नाही. पण वर्षभर शोधणाऱ्यांना अडचण कशाची होती? तो कुठे आहे हे सांगणारं यंत्र नव्हतं म्हणून नाही फक्त. तो कुठे जाणार होता, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. एक कागदाचा चिटोरा, बॉस. एक चिटोरा!

आमच्या ठरावातला हरवलेला अर्धा भाग मला इथे सापडला.

कामशेतची रंगीत तालीम

मग आम्ही ‘आय’ नसलेला, पेन्सिल सेलवर चालणारा, दाबाचा सेन्सर असलेला साधा जीपीएस घेतला. किंमत साधारण एका बऱ्या स्मार्टफोनएवढी. आणि पुढच्या शनिवारी कामशेतला तालीम ठेवली. तो टेकडीवर, मी पुण्यात, घरी, लॅपटॉपसमोर. खेळ असा, की त्याने फोनवरून जागा सांगायची आणि मी ती शोधायची.

‘‘लिही ताई. उत्तर अठरा, पंचेचाळीस, तीस. पूर्व त्र्याहत्तर, तेहतीस, तीस.’’

मी टाइप केलं : १८.४५३० आणि ७३.३३३०. एंटर. ठिपका पडला थेट घाटाखाली, रायगड जिल्ह्यात! मुलगा मावळात आणि मी त्याला कोकणात शोधतेय. चूक थोडीथोडकी नाही, एक्केचाळीस किलोमीटर!

तो सांगत होता अंश, मिनिटं, सेकंद. मी लिहीत होते अंश आणि दशांश. दोघांचे आकडे तेच, अर्थ वेगळा. याहून फसवी चूक पुढची : ‘पंचेचाळीस मिनिटं तीस सेकंद’ हे ‘४५.३० मिनिटं’ असं लिहिलं तर ठिपका फक्त पाचशे मीटर सरकतो. गावातच पडतो, म्हणून शंकाही येत नाही. पण देवदारांच्या जंगलात पाचशे मीटर म्हणजे नाल्याची पलीकडची बाजू. शोधणारे अख्खा दिवस चुकीच्या उतारावर हाका मारत फिरतील.

म्हणून आमच्या घराचा नियम : जीपीएसच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट एकच, दशांश अंश. डेटम डब्ल्यूजीएस ८४. आकडे एकेक करून सांगायचे, ‘पॉइंट’ हा शब्द मोठ्याने म्हणायचा आणि ऐकणाऱ्याने परत वाचून दाखवायचे. तिसऱ्या प्रयत्नात ठिपका बरोब्बर टेकडीवर पडला. मागून आई म्हणाली, ‘‘मला पण येऊ दे एकदा.’’ तिने पहिल्याच फटक्यात अचूक लिहिलं. तीस वर्षं बँकेत आकडे लिहिलेत, चेष्टा आहे?

दुसरी गोष्ट, फ्रिजवरचा कागद. त्यावर उडायच्या आदल्या रात्री ठरलेली वाट, ग्लायडरचा रंग, बरोबर कोण, बीरमध्ये जमिनीवर थांबणाऱ्या माणसाचा नंबर आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन वेळा. साडेतीनपर्यंत मेसेज नाही आला तर जमिनीवरच्या माणसाला फोन. सव्वाचारपर्यंत काहीच कळलं नाही तर थेट ११२ आणि तिथली शोध घेणारी मंडळी. ऑक्टोबरअखेरीस तिथे पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो. गेल्या वर्षी आम्ही ‘जरा थांबू, येईल फोन’ करत अंधार पडू दिला होता. यंदा थांबायचं की नाही, हे त्या घाबरलेल्या क्षणी ठरवायचं नाही. ते आधीच ठरलंय, कागदावर.

तिसरी, रेंज असेल तोवर लाइव्ह ट्रॅकिंग चालू, पण फोन खिशात, स्क्रीन बंद. रेंज जाण्याआधीचा शेवटचा ठिपका हाच शोधाचा पहिला धागा असतो. आणि वाट बदलायची झाली तर रेंज असतानाच एक मेसेज. ‘मागच्या दरीत जातोय’ एवढे तीन शब्दही पुरतात.

यातल्या कुठल्याच गोष्टीला पैसे पडत नाहीत. आणि जीपीएस घेण्याआधी आम्ही यातली एकही केली नव्हती.

लक्षात ठेवा

* उन्हात वाचता येणारा स्क्रीन, ग्लोव्हज घालून दाबता येतील अशी बटणं, दोरी बांधायला जागा.
* उडायला घेत असाल तर हवेच्या दाबाचा सेन्सर हवाच. टेक-ऑफवर उंची सेट करा.
* सुटे सेल जवळ. फोन फक्त बोलण्यासाठी राखून ठेवा.
* नकाशे घरीच डाउनलोड. नव्या प्रदेशात पोचल्यावर यंत्र उघड्या आकाशाखाली पाच-दहा मिनिटं ठेवा, उपग्रह सापडू देत.
* परदेशातून कुणी आणणार असेल तर मॉडेलचं पूर्ण नाव तपासा. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय भारतात आणू नका.
* आकडे सांगायचा एकच फॉरमॅट घरच्यांशी ठरवा. एकदा तालीम करा.
* वाट आणि वेळ लिहिलेला कागद मागे ठेवल्याशिवाय निघू नका. हे ट्रेकिंग, बायकिंग, सगळ्यालाच लागू.

जाता जाता : काल बंधुराज बीरला पोचले. आज सकाळी दहा चाळीसला मेसेज आला, ‘बिलिंग. उडतोय. वाट कागदावरचीच.’ आईने फ्रिजपाशी जाऊन पेन्सिलीने वेळ लिहिली आणि पोळ्या लाटायला लागली. अधूनमधून घड्याळाकडे बघत होती, नाही असं नाही. तीन वाजून बारा मिनिटांनी दुसरा मेसेज आला. त्यात नुसते दोन आकडे. तिने ते टाइप केले, चष्मा वर करून स्क्रीन जवळून बघितला आणि म्हणाली, ‘‘लँडिंगवरच आहे. जेवला का विचार.’’